लेथला जवसाचं तेल

अप्पा, तुमच्या लेथच्या खोलीचं कुलूप पाच दिवसांपूर्वी तुमच्या लेकाने, श्रीपतने, दगडाने फोडलं. किल्ली सापडलीच नाही. ती तुमच्या करदोड्याला असायची. शेवटची आंघोळ घालताना करदोडा तोडला, तेव्हा ती कुठे गेली हे त्या गर्दीत कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं असतं, पण आम्हा बायकांना तिथे येऊ दिलं नाही.

घरात अजून माणसं येत आहेत. ओट्यावर बसून तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. वाशीमच्या बाजारात आपल्या मळ्यातल्या मिरचीला कसं नाव होतं, उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याला तुम्ही कोणाला नाही म्हटलं नाही, मोठ्या मनाचा माणूस गेला. मी आतून ऐकते. खोटं कोणीच बोलत नाही. पण मला त्यांच्यासारखं बोलता येणार नाही, म्हणून हे लिहायला बसले. मला चौथीपर्यंत शिकवलंत ते यासाठी नसेल.

लेथ आपल्या घरी आला तेव्हा मी परकरात होते. कापसाच्या जिनिंग कारखान्यातला गोरा इंजिनियर विलायतेला परत चालला होता. त्याने स्वतःच्या हौसेसाठी ठेवलेला तो लहान लेथ तुम्ही घेतलात आणि कडब्यात गुंडाळून बैलगाडीतून घरी आणलात. शेजारपाजारचे बघायला जमले. यानं काय दळते, असं कोणीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, यानं लोखंड सोलते. मग पायाखालची फळी दाबून चाक फिरवलंत, पितळेचा तुकडा चकात, लेथच्या फिरत्या जबड्यात, धरलात आणि त्याची सोनेरी साल वेटोळी होऊन खाली पडली. ती साल मी कितीतरी दिवस डबीत ठेवली होती.

श्रीपत तेव्हाही मळ्यात रमायचा. त्याला त्या खोलीतला वास आवडत नसे. मला आवडायचा. तुम्ही भोवरे केलेत, छत्रीच्या मुठी केल्यात, बुद्धिबळाची पितळी प्यादी केलीत, आणि सगळं वाटून टाकलंत. मला मात्र तुम्ही आधी काही करायलाच शिकवलं नाही. आधी तेल द्यायला शिकवलंत.

ते आता कोणाला सांगितलं तर हसतील, पण माझ्या आयुष्यात कोणी मला इतकं मन लावून काही शिकवलं नाही. लेथला हात लावण्याआधी तेलाची कुप्पी हातात घ्यायची. चक ज्या दांड्यावर फिरतो त्याच्या दोन्ही बेअरिंगांवर एकेक भोक आहे. त्यातला कापसाचा बोळा काढायचा, थेंब सोडायचे, हाताने चाक हळू फिरवायचं आणि कडेला काय बाहेर येतं ते पाहायचं. काळं आलं तर पुसायचं, परत थेंब. स्वच्छ येईपर्यंत पाय फळीवर ठेवायचा नाही. मग बोळा परत लावायचा, नाहीतर धूळ आत जाते. बेडवरचा, म्हणजे लेथच्या खालच्या लांब सपाट पाटावरचा, कीस फुंकायचा नाही, हाताने झाडायचा नाही, कुंचल्याने ओढायचा. बिडाचं, ओतीव लोखंडाचं, काम झालं की आधी कोरडं पुसायचं आणि मगच तेलाचा हात, कारण बिडाची पूड तेलात मिसळली की तीच बेड खाते. पॉलिश पेपर वापरायचा तर बेडवर कागद पसरायचा. चामड्याच्या पट्ट्याला मशीनचं तेल लागू द्यायचं नाही, त्याला एरंडेलाचं बोट पुरे. पावसाळ्यात जाड तेलाचा लेप आणि वर मेणकापड. मायनं एकदा प्रेमानं जुनी गोधडी घातली होती, तर तुम्ही ती काढून फेकलीत. गोधडी ओल धरते म्हणालात. मायचा चेहरा उतरला, ते तुम्ही पाहिलं नाहीत. तुमचं लक्ष बेडवर होतं.

एकदा मी विचारलं की आपल्या घाण्याचं जवसाचं तेल घरात एवढं आहे, तर विकतचं कशाला. तुम्ही एक तांब्याचा पत्रा घेतलात, त्याच्या एका टोकाला जवसाचा थेंब टाकलात, दुसऱ्या टोकाला मशीनच्या तेलाचा, आणि पत्रा खिडकीत उन्हात ठेवून दिलात. काही दिवसांनी मला बोलावून बोट लावायला लावलंत. मशीनचं तेल तसंच ओलं होतं. जवसाच्या थेंबावर साय धरली होती, आणि सायीखाली तो डिंकासारखा चिकटला होता.

"हे लेथच्या पोटात गेलं का लेथ मेला," तुम्ही म्हणालात. "ध्यानात ठेवजो."

मी ध्यानात ठेवलं.

मग माझं लग्न झालं. रिसोडचं घर वाईट होतं असं मी म्हणणार नाही. मूल झालं नाही, म्हणून त्यांनी दुसरी केली. दुसरी आल्यावर माझं जेवणाचं ताट आधी चुलीपासून दूर गेलं, मग दारापाशी गेलं. निरोप न पाठवताच तुम्हाला कुठून कळलं, मला माहीत नाही. तुम्ही गाडी जुंपून आलात. कोणाशी भांडला नाहीत. मला म्हणालात, ऊठ, चाल. सबंध वाटेत एक शब्द बोलला नाहीत आणि मलाही रडायला लावलं नाहीत. माय तोवर गेली होती. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी तुम्ही माझ्या हातात कुप्पी दिलीत. पोरी, बोळे वाळून गेले असतीन, पाहजो, एवढंच म्हणालात.

त्या सकाळसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे, अप्पा. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे लिहायचं आहे त्यात ते बुडून जाईल.

नंतरची वर्षं चांगली गेली. तुमची बोटं आखडायला लागली होती. हत्यार तुम्हाला नीट धरता येईना, म्हणून तुम्ही बाजूला बाजेवर बसून सांगायचात आणि मी करायची. हळूहळू सांगणंही कमी झालं. मी स्क्रूचे आटे पाडायला शिकले. सोलायला लावलेला दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक उतरायला लागला, तर मागचा आधार सरकलाय हे मला हातालाच कळायचं. तुम्ही डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचात. मधूनच म्हणायचात, तेल मागून राह्यला तो. आणि खरंच मागत असायचा.

मग रहीमचाचा आले. बाजारातले शिंपी, तुमच्याच ओळखीचे. त्यांच्या शिलाई मशीनची एक पिन झिजली होती आणि नवी अकोल्याहून यायची होती. लग्नसराई तोंडावर होती आणि मशीन बंद. तुम्ही त्या दिवशी अनसिंगला गेला होतात. मी चाचांना पिन करून दिली. ती बसली, मशीन चालली. दुसऱ्या दिवशी ते मजुरी घेऊन आले, तेव्हा तुम्ही ओट्यावरच बसला होतात. चाचांनी तुमच्यासमोर मजुरी ठेवली आणि माझी तारीफ केली. त्यांना वाटलं, तुम्ही खूश व्हाल.

तुम्ही ती मजुरी त्यांना परत दिलीत. हसून दिलीत. ते गेल्यावर मला आत बोलावलंत.

तो दिवस मी पुष्कळ वेळा मनात उगाळला आहे. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही समजावल्यासारखं सांगितलंत की हा आपला शौक आहे, हे दुकान नाही. आपल्या घरातून लोकांच्या विहिरीला पाणी जातं, भाजी जाते, मजुरी कधी आत येत नाही. मी म्हटलं, मजुरीसाठी केलं नाही, पण मिळाली तर घ्यायला काय हरकत आहे. तुम्ही म्हणालात, लोक काय म्हणतील. परत आलेल्या लेकीला बापानं लेथवर जुंपलं आणि तिच्या मजुरीवर बसून खातो म्हणतील.

मग मी जे कधी बोलले नव्हते ते बोलले.

"अप्पा, तुमच्यामागं मी काय करू? श्रीपतच्या चुलीपाशी बसू? तिकडं ताट दारात गेलं होतं, इकडंही जाईन. मले दुसरं काई येत नाई. हेच येते, अन् तुमीच शिकवलं."

तुम्ही म्हणालात, "शिकवलं ते मन रमावं म्हणून. पोट भराले नाई शिकवलं."

त्याच दुपारी खोलीला कुलूप लागलं.

मला कुलपाचा राग आला तसा त्या वाक्याचाही आला. मन रमावं म्हणून. तुम्ही मला लहान पोरीच्या हातात भोवरा द्यावा तसा लेथ दिला होतात, आणि मी मात्र त्यावर आपलं सगळं पुढचं आयुष्य मांडून बसले होते. त्यात तुम्ही मला फसवलं नाहीत, हे मला कळतं. पण ते कळून माझा राग उतरला नाही, अजून उतरलेला नाही.

पावसाळा आला तेव्हा मी तुमच्याकडे फक्त तेल द्यायची परवानगी मागितली. काम करत नाही, चाक फिरवत नाही, पण लेप लावू द्या, नाहीतर गंज चढेल. तुम्ही म्हणालात, मी पाहून घेतो. आणि खरंच तुम्ही आत जायचात. दुपारी सगळे निजले की कुलूप उघडल्याचा आवाज यायचा, मग दार आतून लागायचं. चाकाचा आवाज कधी आला नाही. मी सुपात तूर पाखडत ऐकत बसायची. निदान तेल तरी मिळतंय त्याला, असं वाटून मला बरं वाटायचं, हे किती वेड्यासारखं होतं ते आता कळतं.

गोऱ्यांची ती मोठी लढाई लांबत गेली तसं बाजारात मशीनचं तेल मिळेनासं झालं. घासलेट मोजून मिळायला लागलं. मला धास्ती वाटली. एके दिवशी तुम्हाला वाढताना मी म्हटलं की तेल संपलं असेल तर एरंडेल चालेल, अगदी काही नसेल तर नुसतं पुसून ठेवा, पण जवस घालू नका. तुम्ही घास ताटात ठेवलात.

"तू मले शिकवून राह्यली?"

त्यानंतर तुमच्या आजारपणापर्यंत आपण लेथबद्दल बोललो नाही. मिरचीबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, श्रीपतच्या लेकरांबद्दल बोललो.

आजारपणात तुमचं सगळं मीच केलं. श्रीपतच्या बायकोला लहान मूल होतं, आणि तुम्हालाही दुसऱ्या कोणाच्या हातचं चालत नव्हतं. तुमची आखडलेली बोटं मी कोमट तेलानं चोळायची. एकदा तुम्ही बरे होतात, उशीला टेकून पेज घेतली होती आणि खिडकीतून मळ्याकडे बघत होतात. मला वाटलं, आता विचारावं. मी म्हटलं, अप्पा, किल्ली द्या. दुकान टाकत नाही, वचन देते, नुसता एकदा साफ करते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, हात कमरेकडे जाईल.

"श्रीपतले इचारजो," तुम्ही म्हणालात, आणि तोंड भिंतीकडे फिरवलंत.

माझ्याशी लेथबद्दल तुमचं ते शेवटचं बोलणं. श्रीपतला बेड कशाला म्हणतात हे ठाऊक नाही. त्याला विचार म्हणालात.

त्या दिवशी कुलूप फोडून दार उघडलं तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं. मेणकापड बाजूला केलं आणि मला क्षणभर हायसं वाटलं. गंज नव्हता. सगळा लेथ पिवळसर, सोन्याचं पाणी दिल्यासारखा चमकत होता. मग मी हात ठेवला. बोटं चिकटली. बेडवर, हत्यार धरणाऱ्या सरकत्या स्लाइडवर, लांब स्क्रूच्या आट्यांत, चकाच्या दातांत, सगळीकडे वाळलेलं जवसाचं तेल होतं, एकावर एक थर. चाक धरून फिरवायला गेले, तर हललं नाही. श्रीपतने जोर लावला, तरी हललं नाही. कोपऱ्यात आपल्या घाण्याच्या तेलाचा बुधला ठेवला होता, अर्धा भरलेला.

मी खाली बसले. श्रीपतला वाटलं, मी तुमच्या आठवणीनं रडते आहे. त्याने मला रडू दिलं.

तुम्हाला विचारायचं ते हेच आहे, अप्पा. ओट्यावरच्या लोकांना मी हे विचारू शकत नाही. तुम्ही ते विसरून घातलंत की मुद्दाम घातलंत? तांब्याच्या पत्र्यावरची साय तुम्हीच मला दाखवलीत. म्हातारपणी माणूस नावं विसरतो, वार विसरतो, पण तुम्ही शेवटपर्यंत कोणत्या वाफ्याला पाणी द्यायचं राहिलं ते बाजेवरून सांगत होतात. तेल मिळत नव्हतं म्हणून हाताशी होतं ते घातलंत, असं म्हणावं तर मी एरंडेल म्हणाले होते, आणि एरंडेल घरात होतं. मग माझ्या हाती पडू नये म्हणून घातलंत का? पण मी बेअरिंगची भोकं पाहिली तेव्हा त्यांत बोळे होते. स्वच्छ कापसाचे, नीट वळलेले. ज्याला मारायचं आहे तो धुळीची काळजी करत नाही. आणि ज्याला काही आठवत नाही त्याला बोळे आठवत नाहीत. मी दोन्हीकडून विचार करते आणि दोन्हीकडून अडते. कधी वाटतं, माझा सल्ला न घेता लेथ सांभाळून दाखवायचा होता, म्हणून घालत राहिलात. तुम्हाला मारायचं असतं तर मी तुमचा राग धरला असता. विसरला असतात तर कीव केली असती. तुम्ही मला दोन्ही नीट करू दिलं नाहीत.

श्रीपत म्हणाला, मोडीत देऊन टाकू, लढाईमुळं लोखंडाला भाव आहे, आणि खोलीत कांदे ठेवता येतील. मी त्याला तेरवीपर्यंत थांबायला सांगितलं. त्याने मान हलवली. तो वाईट नाही.

तुमच्या सुतकात मी लेथ धुतला. बायका नाकं मुरडत होत्या. वाळलेलं जवस घासलेटानं निघत नाही, मी करून पाहिलं. मग धुण्याचा सोडा पाण्यात उकळला, चिंध्या बुडवून गरम गरम लपेटल्या आणि थर मऊ झाला की बांबूच्या चिपेनं खरवडला. लोखंड लावलं नाही. जिथे पाणी लागलं तिथे लगेच कोरडं पुसून चुलीपाशी शेकलं. रहीमचाचा भेटायला आले होते. त्यांनी मी काय करते आहे ते पाहिलं आणि निघून गेले. संध्याकाळी त्यांच्या दुकानातून मशीनच्या तेलाची लहानशी शिशी आली, त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेली. चकाचा दांडा सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सोड्याचं गरम पाणी भोकातून सोडत राहिले, लाकडी मोगरीनं हलके ठोके देत राहिले. शेवटी तो चिकट करकर करत थोडा हलला. काढून पाहिला, तर बेअरिंग चांगली होती, ओरखडा नव्हता. तुम्ही कधी चाक फिरवलंच नव्हतं, म्हणून वाचली. मग मी एकेक थेंब सोडत फिरवत बसले. आधी पिवळं आलं, मग काळपट, मग पुष्कळ वेळानं स्वच्छ.

श्रीपत दारात उभा राहून पाहत होता. मी त्याला म्हटलं, मी ओट्याच्या बाजूला काम सुरू करते, घरखर्चाला माझा हात लागेल. त्याने मान खाली घातली.

"अप्पा नाई म्हणत होते ना, अक्का. मंग मी हो कसं म्हणू? लोकं म्हणतीन बाप गेला अन् यानं बहिणीले कामाले लावलं."

शब्दही तुमचेच होते. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवून मला त्याच्याकडे पाठवलंत, तेव्हा तुम्हाला हे उत्तर माहीत होतं.

"मंग लेथ दे," मी म्हटलं. "मी जातो."

तो पुष्कळ म्हणाला. कुठं जाशील, एकट्या बाईनं बाजारात बसणं बरं दिसत नाही, घरात तुला कोणी काही बोललं का. कोणी बोललं नव्हतं. ताटही अजून दारापाशी गेलेलं नाही. ते जाण्याआधी जायचं आहे, एवढं त्याला समजावून सांगता आलं नाही. शेवटी तो म्हणाला की लेथ ने, अडवत नाही. पण एकदा गेलीस की पुन्हा राहायला येऊ नकोस, कारण मग त्याला लोकांना तोंड देता येणार नाही. हे बोलताना तो रडत होता. मी हो म्हटलं.

रहीमचाचांच्या दुकानाला लागून त्यांची सामान ठेवायची खोली आहे. जमीन मातीची आहे, लेथखाली फरशा घालाव्या लागतील, आणि छत गळतं का ते पावसात कळेल. तुमची तेरवी झाली की गाडी येईल. कडबा मी बाजूला काढून ठेवला आहे.

तुम्हाला क्षमा केली असं लिहून मला हे संपवता आलं असतं. लोकांना ते आवडलं असतं, आणि तुमच्या फोटोसमोर वाचायलाही चाललं असतं. पण तसं झालेलं नाही, अप्पा. तुम्ही मला रिसोडहून आणलंत ते खरं आहे आणि कुलूप लावलंत तेही खरं आहे, आणि एकाने दुसरं फिटत नाही.

बाजारात बाई लेथ चालवते म्हणून लोक आधी नुसते बघायला येतील. मग कोणाच्या तरी मोटेच्या चाकाचा कणा तुटेल, कोणाच्या मशीनची पिन झिजेल, आणि ते काम घेऊन येतील. मजुरी देतील, आणि मी घेईन. आणि प्रत्येक जण विचारेल की बाई, हे तुले कोणं शिकवलं. तेव्हा मला तुमचं नाव सांगावं लागेल. दुसरं नाव माझ्याकडे नाही.